शब्दचर्चा: ‘हिडन बायस’ला काय म्हणायचं?

खानापूरकर: आरोग्य पुरवणीसाठी लेख लिहायला घेतलाय. रुग्णांच्या नुसत्या नोंदींवरून औषधाचा गुण ठरवताना जो ‘हिडन बायस’ उरतो, त्याला ‘छुपा पूर्वग्रह’ चालेल काय?

वडगावकर: नको ओ. पूर्वग्रह मनात असतो. इथं डॉक्टर प्रामाणिक, नोंदी खऱ्या, तरी निकाल कलतो. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या अमेरिकी बायकांत हृदयविकार कमी दिसायचा. मग १६,००० हून जास्त बायकांचे गट सोडतीनं पाडून चाचणी झाली. २००२ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. गोळीवाल्या गटात हृदयविकार उलट थोडा जास्तच. आधीच्या नोंदींत गोळ्या घेणाऱ्या बायका मुळात सुस्थितीतल्या, तब्येतीला जपणाऱ्या होत्या, हे फसगतीचं एक मोठं कारण. यात कुणाचा कसला ग्रह?

निपाणीवाला: ‘पासंग’ घ्या की! तागडी रिकामी असतानाच एक पारडं खाली. माल तोलण्याआधीचा फरक. ‘छुपा पासंग’.

वडगावकर: शब्द झकास. पण फरक काढायला बांधतात त्या खड्यालाही पासंगच म्हणतात. ‘पासंगाला पुरत नाही’ मधला तो.

निपाणीवाला: असू दे, दोन्ही कामाचे. वय, उत्पन्न, मधुमेह नोंदवलेला असला तर हिशेबात खडा बांधता येतो. नोंदवलंच नाही त्याला काय बांधणार? तिथं उलटं विचारायचं: निकाल फिरवायला केवढा पासंग लागेल? सिगारेट आणि कर्करोग दोन्हींच्या मुळाशी आनुवंशिकता असेल, असं संख्याशास्त्रज्ञ फिशर म्हणत होते. १९५९ मध्ये दुसरे संख्याशास्त्रज्ञ कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग ९ पट असेल आणि तो सगळा दुसऱ्याच कशामुळे असेल, तर ती गोष्ट त्यांच्यात निदान ९ पट तरी जास्त आढळायला हवी. तसलं काही सापडलं नाही. (तंबाखूच्या वखारीवर शिकलेल्या माझ्यासारख्या माणसानं हे सांगायचं, म्हणजे बघा.)

खानापूरकर: मग या उलट्या हिशेबाला, म्हणजे ‘सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस’ला, ‘पासंगपरीक्षा’ म्हणू?

वडगावकर: शाळेची परीक्षा वाटते. ‘निकाल किती छुपा पासंग सोसेल याचा हिशेब’ असं फोडून लिहा. मथळ्यात मात्र ‘हिडन बायस’ला साधं ‘छुपा कल’ ठेवा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर भाजी घेणाऱ्या पोरांना पासंग कोण समजावणार?

निपाणीवाला: मथळ्यात कल, मजकुरात पासंग. पहिल्या वेळी कंसात अर्थ द्या, झालं.