अनुभव धागा: एम्बर बेटावरचे ते नाटक पाहताना तुम्ही हसलात की चिडलात?

गुलबक्षी: भाची सध्या 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही अमेरिकन ॲनिमेशन मालिका पहिल्यांदाच पाहत आहे. तिसऱ्या पर्वातला 'द एम्बर आयलंड प्लेयर्स' हा भाग लागल्यावर तिने "आता हे काय मध्येच?" असे विचारले आणि मला माझीच जुनी चिडचिड आठवली. शेवटच्या लढाईसाठी जीव टांगणीला लागलेला असताना नायक आंग आणि त्याच्या सवंगड्यांना (कटारा, तिचा भाऊ सोका, टॉफ आणि शत्रूपक्ष सोडून आलेला राजपुत्र झुको) शत्रूच्याच देशात, स्वतःवरच बेतलेले एक सुमार नाटक पाहायला बसवण्याची ही कल्पना तेव्हा मला निव्वळ वेळकाढूपणाची वाटली होती. अमेरिकेत हा भाग १८ जुलै २००८ रोजी दाखवला गेला आणि चार भागांचा शेवट लगेच दुसऱ्या दिवशी. तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

रानजाई: टॉफ! बाकी सगळे आपापले पात्र पाहून तोंड पाडून बसलेले असताना, आपल्या भूमिकेत आडदांड पहेलवान उभा आहे हे कळल्यावर ती आंधळी मुलगी जी खूश होते, त्याला तोड नाही. कार्टून म्हटले की वर्तमानपत्रात डोके घालणारे आमचे बाबासुद्धा तेवढ्या प्रवेशापुरते मान वर करून हसले होते.

चिंचबन: आम्हा बहिणींपैकी कोणीही आशा, धीर वगैरे विषयांवर प्रवचन सुरू केले, की बाकीच्या दोघी तिला आजही "नाटकातली कटारा" म्हणतात. (कुकरची शिट्टी झाली, उरलेले नंतर लिहिते.)

पाऊलवाट: निर्मात्यांनी चाहत्यांची कुरकुर नीट ऐकली होती, याचा पुरावा म्हणून मी हा भाग पाहतो. पहिल्या पर्वातला 'द ग्रेट डिव्हाइड' अनेकांना रटाळ वाटतो, तर नाटकातली मंडळी त्या भागातली दरी पाहून न थांबताच पुढे उडून जातात. जेट हा बंडखोर मुलगा मालिकेत नक्की मेला का, यावर चाहते वाद घालत असत. नाटकात त्याच्यावर दगड कोसळल्यावर झुको तोच प्रश्न विचारतो आणि ते काही स्पष्ट झाले नाही, असे सोका त्याला सांगतो. झुको आणि कटारा यांची जोडी जमवू पाहणाऱ्यांनाही टोला बसला आहे. मी त्यांच्यातलाच असल्यामुळे तो मला जरा जोरात लागला.

सांजवेळ: मला मात्र हसू आले नाही. इरोहकाकांशी आपण कसे वागलो हे झुकोला भर प्रेक्षागृहात पुन्हा पाहावे लागते, आणि बाहेर टॉफ त्याला सांगते की काका सतत त्याच्याविषयीच बोलत होते. थट्टेच्या भागात इतका हळवा प्रसंग मी अपेक्षिला नव्हता.

गुलबक्षी: सांजवेळ, आणि त्यानंतर ती त्याच्या दंडावर ठोसा मारते, ही आपली माया दाखवायची पद्धत आहे म्हणून! भाची तेव्हाच पहिल्यांदा हसली.

निवडुंग: आंगची भूमिका बाईने केली म्हणून तो इतका संतापतो, हे मला पटत नाही. पाश्चात्त्य रंगभूमीवर पीटर पॅन बायकाच करत आल्या आहेत, आणि ज्या रंगभूमीने बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका डोक्यावर घेतल्या, तिच्या प्रेक्षकांनी तरी त्याची बाजू घेऊ नये.

चिंचबन: आले परत. २०१० चा श्यामलन यांचा चित्रपट कोणी पाहिला का? देव पटेल झुको झाला होता म्हणून आम्ही मोठ्या उत्साहाने गेलो होतो. बाहेर पडल्यावर बराच वेळ कोणी बोलेना, शेवटी धाकटी नाटक संपल्यावरचे सोकाचेच वाक्य म्हणाली, "इफेक्ट्स बरे होते."

पाऊलवाट: चिंचबन, तो चित्रपट म्हणजे एम्बर आयलंडच्या मंडळींचाच पुढचा प्रयोग, असे चाहते उगाच म्हणत नाहीत.

रानजाई: नाटककाराला माहिती कोणाकोणाकडून मिळाली, ती यादी कोणी नीट ऐकली का? त्यात कोबीवालाही आहे. या मंडळींच्या धावपळीत ज्याची गाडी दर वेळी उलथली, त्याच्याकडून निःपक्षपाती माहितीची अपेक्षा कशी करणार?