परसबागेचं बियाणं वाटलं, बाग काही उगवली नाही. तुमच्या पाड्यावर कसं जमवलंत?

मेंबरबाई_मोखाडा

नमस्कार मंडळी. मी पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरची. ग्रामपंचायतीची सदस्य आहे, म्हणून अमृत आहार योजनेच्या (आदिवासी भागातल्या गरोदर-बाळंत बायका आणि लहान मुलांच्या आहाराची सरकारी योजना) आहार समितीतही नाव आहे. नाव आहे म्हणजे सह्या करते.

गेल्या जूनमध्ये एका संस्थेनं आमच्या ४२ घरांना बियाण्याची पाकिटं वाटली. पालक, मेथी, कोथिंबीर, भेंडी. फोटो निघाले, नाश्ता झाला. ऑगस्टमध्ये मी घरोघर फिरले तर तीन घरी भेंडीची चार-दोन झाडं. पालक आमच्या पावसात कुजला, मेथी कोंबड्यांनी उकरली. एका आजीनं तर पाकीट न फोडताच आढ्याला खोचून ठेवलेलं. म्हणाली, "बाय, आवणी चालू असताना वाफे कोण करील?" आवणी म्हणजे भातलावणी.

आता बैठकीत ऐकावं लागतं की तुमच्या लोकांना आहाराचं महत्त्वच कळत नाही. मला हे पटत नाही. माझी आई पहिल्या पावसात शेवळं ही रानभाजी आणायची, त्यात न विसरता काकडं ही आंबट रानफळं टाकायची, नाहीतर घसा खाजतो. हे तिला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं होतं?

पण दंड मोजला तर पाच मुलं अजून कुपोषणाच्या पिवळ्या पट्टीत आहेत, हेही खरंच. सभेला बायका येतात, माना हलवतात, जातात. लोकांना बरोबर घेऊन कुणी खरंच काही केलंय का? योजनेची माहिती नको, ती माझ्याकडे फायलीत आहे.

डांगरकाका_अकोले

ताई, पालक-मेथी ही थंडीची भाजी. जूनमध्ये मोखाड्यात ती वाटणाऱ्यानं तुमचा पाऊस बघितलेला नाही. आमच्या तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत, २०२० सालच्या पद्मश्री. त्यांनी गावठी बी जपलं. ते इथल्याच पावसात वाढलेलं असतं, त्याचे लाड करावे लागत नाहीत.

वाफ्याचा नाद सोडा. वेल लावा. डांगर म्हणजे लाल भोपळा, वाल, दोडका. उकिरड्याच्या कडेला टोचायचं आणि वर घराच्या छपरावर चढवायचं. कोंबडी तिथे पोचत नाही. बांधावर एक शेवगा. आमच्या गटात एक वाटी बी नेलं की हंगामाला दोन वाट्या परत द्यायच्या, एवढाच नियम.

जुनी_सेविका

मी अंगणवाडीत २६ वर्षं काढली, जव्हार बाजूला. काकांचं बरोबर आहे, पण बियाणं हा तुमचा दुसरा प्रश्न. पहिला तुमच्या आजीनं सांगून टाकलाय.

आम्हीही सभा घेऊन थकलो होतो. मग एकदा समाजमंदिराच्या फरशीवर चुन्यानं बारा घरं आखली, बारा महिन्यांची. बायकांना म्हटलं, ज्या महिन्यात घरात जे असतं ते त्या घरात ठेवा. नागली (नाचणी), वरई, उडीद, खुरासणी (कारळं), सुकी मासळी, पाला. अर्ध्या तासात फरशी बोलायला लागली. दिवाळीनंतरची दोन घरं भरलेली. आषाढ-श्रावणात नुसता पाला, धान्याची कणगी रिकामी. आणि माघापासून पुढे चार घरांत एकीनं फक्त वीट ठेवली. वीट म्हणजे भट्टी. भिवंडी, वसई. माणूसच गावात नाही तर परसबाग कुणासाठी?

मग एक तरणी सून उठली. म्हणाली, "आवणीत मी सहाला जाते, अंधारात येते. धाकटी सात वर्षांच्या पोरीकडे. ती तिला पाच रुपयांचा पुडा देते." एक वर्षाचं लेकरू, कोरडी भाकर त्याला गिळवत नाही आणि दिवसातनं दोनदा खातं. नागलीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे मी वर्षानुवर्षं सांगत होते. ती नागली भरवणार कोण, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्या पावसात दोन म्हाताऱ्यांनी एका ओटीवर सगळी बारकी पोरं सांभाळली. घरटी मूठभर नागली. मोड आणून, वाळवून, दळून ठेवली. दर दोन तासांनी पेज, वर चमचाभर खुरासणीचं तेल. भांडणं झाली, एका घरानं नागली दिलीच नाही, तरी त्याचं पोर जेवलं.

उपकेंद्रवाली

सगळं छान, पण एक सांगू द्या. पिवळी पट्टी म्हणजे दंडाचा घेर साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटर, तिथे पेज-तेल-अंडं चालेल. साडेअकराच्या खाली गेलं, किंवा दोन्ही पावलांवर बोट दाबून खळगा राहिला, तर ओटीवर ठेवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात. आणि जुलाब बघा. विहिरीत औषध पडलंय का? पोटात राहिलंच नाही तर घालून काय उपयोग. हे दर पावसाळ्यात ओरडून सांगते, म्हणून इथेही.

मेंबरबाई_मोखाडा

पंधरा दिवसांनी लिहिते. सेविकाताई, फरशी आखली. आमच्याकडे चुना नव्हता, राखेनं भागवलं. वीट कुणी ठेवली नाही, एकीनं रिकामा हंडा ठेवला, फाल्गुनापासून जेठापर्यंत. टँकरचे दिवस. त्यावर सगळ्या हसल्या, मग कुणी काही बोललं नाही.

ओटी मिळाली. पाकीट खोचणारी आजीच तयार झाली, पण तिनं सरळ विचारलं, "मला काय द्याल?" समितीच्या खर्चात असं खातं नाही म्हणे. मी ग्रामसभेत पेसाच्या, म्हणजे आदिवासी गावांना थेट मिळणाऱ्या, निधीतून मागणार आहे. नाही म्हणाले तर घरटी पायलीभर भात.

उपकेंद्रवाल्या ताई, पाचातलं एक मूल ११.३ निघालं. नेलं.

काका, डांगराचं आणि वालाचं बी द्याल का? भाऊ सोमवारी तुमच्या तालुक्यात राजूरला येतोय. दोन वाट्या परत करीन, कोंबड्यांनी ठेवलं तर.