मॉरिशसच्या शाळेत मराठी शिकणारी मुलं: कोकणातून काय न्यावं, काय शिकवावं?

कर्दे_किनारा (दापोली)

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून तीन आठवडे मॉरिशसमध्ये एका प्राथमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलं आहे. मराठी विषय घेतलेली इयत्ता ४ ते ६ ची मुलं असतील. त्यांचे पूर्वज आपल्याच भागातून गेलेले, म्हणून 'आमचं कोकण' असं छोटं प्रदर्शन मांडावं असा विचार आहे: लाल मातीची बरणी, जांभ्याचा तुकडा, भाताच्या लोंब्या, ओली सुपारी, हळदीची पानं. गणपतीही त्याच सुमारास येतात, तेव्हा मुलांसोबत उकडीचे मोदक आणि जाखडी (वर्तुळात करायचा कोकणी नाच) करता येईल का? भाषेच्या बाबतीत नेमकं काय अडतं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

खाजणवाट

ताई, आधी सामानाचं. तुम्ही लिहिलेली जवळजवळ सगळी यादी विमानतळावर अडकेल. मॉरिशसमध्ये माती नेता येत नाही. बियाणं, रोप, ताजी फळं, पानं यांना तिथल्या कृषी खात्याचा परवाना आधी काढावा लागतो आणि उतरल्यावर ते जाहीर करावं लागतं. उसाचं कांडं तर अजिबात नाही. साखर हे त्या बेटाचं जुनं पीक, त्यामुळे उसावरच्या रोगाची धास्ती मोठी. लोंब्या आणि सुपारी घरीच ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१६ पासून बंदी आहे, म्हणून बांधाबांध कापडात करा.

जांभ्याचा तुकडा न नेताही त्याचा धडा घेता येतो, आणि माझ्या मते तुमच्या तीन आठवड्यांतला तोच सर्वांत चांगला तास ठरेल. मॉरिशस हे ज्वालामुखीचं बेट, सगळा काळा बेसॉल्ट. उसाच्या शेतांत याच दगडांचे मोठाले ढीग रचलेले असतात. आता रियुनियन बेटाखाली असलेल्या ज्या उष्ण स्थानातून मॉरिशस वर आलं, त्याच स्थानातून त्याच्या कितीतरी आधी, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा ओतला गेला असं भूशास्त्रज्ञ मानतात. त्या बेसॉल्टची झीज होऊन आपला जांभा झाला. मुलांना घराजवळचा एकेक दगड आणायला सांगा आणि शेजारी आपल्या कातळाचे, जांभ्याच्या चिऱ्यांच्या गडग्याचे मोठे फोटो ठेवा. दोन्ही किनाऱ्यांचा दगड एकाच पोटातला आहे, हे मुलांना हातात धरून कळतं.

किरकोळ: प्लग तीन चौकोनी पिनांचे, ब्रिटिश पद्धतीचे, म्हणून अडॅप्टर न्या. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे तिथला हिवाळ्याचा शेवट. व्हाकोआ, क्युरपीप हा भाग उंचावर आहे, तिथे स्वेटर लागतो.

---

शब्दवेल्हाळ_गुहागर

भाषेबद्दल. मुलं घरी बहुधा क्रिओल (फ्रेंचवरून घडलेली तिथली बोलभाषा) बोलतात, पाठ्यपुस्तकं इंग्रजीत, फ्रेंच वेगळी. भाषेच्या तासाला वर्ग फुटतो: कोणी हिंदीला, कोणी तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी किंवा क्रिओलला. त्यामुळे तुमच्या गटात मुलं कमी असतील आणि कधी दोन इयत्ता एकत्र बसतील. तीस मुलांसाठी आखलेले खेळ तिथे चालत नाहीत. चार-पाच जणांचे खेळ तयार ठेवा.

खरी मेख सर्वनामांत आहे. क्रिओलमध्ये 'मो' म्हणजे मी, 'तो' म्हणजे तू, आणि 'ली' म्हणजे तो, ती, ते सगळंच. मराठीतलं 'तो' कानावर पडलं की मुलाला 'तू' वाटतं. 'तो आला' म्हटल्यावर मूल स्वतःकडे बोट दाखवतं ते यामुळे. त्याला चूक म्हणू नका. पहिले दोन दिवस 'तो' एकटा वापरू नका, 'तो मुलगा' असं नामासकट बोला. लिंगाचंही तसंच. क्रिओलमध्ये विशेषण आणि क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही, म्हणून 'मोठा घर', 'ती आला' हे होणारच. नियम सांगण्याऐवजी वस्तूंवर तीन रंगांच्या चिठ्ठ्या लावा (हा, ही, हे) आणि रोज दहाच शब्द घ्या. तू आणि तुम्ही हा फरक मात्र शिकवावा लागत नाही, त्यांच्याकडे 'तो' आणि 'ऊ' आहेच.

नात्यांचा तक्ता पहिल्याच आठवड्यात घ्या. क्रिओलमध्ये 'बाबा' म्हणजे तान्हं बाळ आणि 'मामा' म्हणजे आई. भोजपुरी-हिंदी वळणाच्या घरांत 'दादा' म्हणजे आजोबा. 'माझे बाबा मामाकडे गेले' हे आपलं साधं वाक्य तिथे पार वेगळं ऐकू येतं. मुलांना घरी कोण कोणाला काय म्हणतं ते लिहून आणायला सांगा आणि फळ्यावर मराठी, क्रिओल, भोजपुरी असे तीन रकाने करा. एखाद्या घरातून जुना मराठी शब्द आला तर तो 'शुद्ध' करू नका. जसा आला तसा वहीत उतरवा आणि तुमच्या गावच्या बोलीत तो कोण कसा म्हणतं ते शेजारी लिहा.

उच्चारात ळ आणि ट-त यांचा सराव लागतो. 'चमचा'तला दंततालव्य च सोपा जातो, कारण क्रिओलमध्ये 'ती' या अक्षराचा उच्चारच 'त्सी'कडे झुकतो.

---

चाळ_आणि_झांज

जाखडी जरूर घ्या, पण 'आम्ही शिकवायला आलो' या भूमिकेतून नको. तिथल्या मराठी समाजात हा प्रकार 'झाकरी' या नावाने टिकून आहे. आधी शाळेमार्फत एखाद्या मराठी मंडळीतल्या जाणत्यांना बोलवा, त्यांचा ठेका ऐका आणि मुलांना तोच द्या. आपला ठेका नंतर, फरक दाखवायला.

आठ मुलं वर्तुळात, गाणारे आणि ढोलकी-झांजवाले मध्ये बसलेले, चाळ (घुंगरांचा पट्टा) उजव्या पायात. पितळी घुंगरांचे आठ पट्टे नेता येतील. चामड्याऐवजी जाड सुती पट्टीवर शिवून घ्या, लहान घोट्याला चामडं काचतं. पहिले दोन तास ढोलकी नको, नुसत्या टाळीवर पाऊल बसू दे. ढोलकी सुरू झाली की मुलं वेग वाढवतात आणि वर्तुळ आत आत सरकत शेवटी गाणाऱ्यांना धडकतं. म्हणून खडूने दोन वर्तुळं आखा, आतलं ओलांडायचं नाही. चाल वाढवायची ती शेवटच्या दोन कडव्यांतच.

आणि श्रावणसरींची गाणी निवडताना जपून. तिथे गणपती पावसात येत नाहीत आणि आंबे पिकतात ते वर्षअखेरीस.

---

कर्दे_किनारा

मनापासून आभार. 'तो'चं तर मला स्वप्नातही सुचलं नसतं. मोदकांचं आणि गणपतीच्या सुट्टीचं कोणी सांगेल का? एखाद्या मुलाने 'आमचं गाव कुठलं' असं विचारलं तर काय उत्तर द्यावं?

---

माजघर

सुट्टी तिथे बहुधा चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते. २०२३ मध्ये आपल्याकडे चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, तिथली सार्वजनिक सुट्टी २० ला. म्हणजे दीड दिवसाच्या विसर्जनाचा दिवस. मोदकांचा तास त्याआधी दोन दिवस ठेवा.

गूळ नेऊ नका. तिथे मस्कोवाडो साखर मिळते, उसाची न शुद्ध केलेली, चवीला काकवीच्या जवळची. फिकी घ्या, गडद कडवट लागते. दोन वाट्या खोवलेल्या खोबऱ्याला पाऊण वाटी दाबून भरलेली पुरते. सारण गुळापेक्षा जास्त पाणी सोडतं, म्हणून कढईची कड सुटेपर्यंत परता आणि पूर्ण गार करा. गरम सारणाने पारी फाटते. उकडीला एक वाटी तांदळाचं बारीक पीठ, एक वाटी पाणी, मीठ, चमचाभर तूप. दुकानातलं पीठ भरड निघालं तर दोनदा चाळा आणि पाणी दोन चमचे वाढवा. उकड आणि वाफ मोठ्यांनी सांभाळायची, मुलांनी फक्त पाऱ्या आणि कळ्या करायच्या. उकड ओल्या फडक्याखाली ठेवा आणि एका वेळी एकाच मुलाला गोळा द्या, नाहीतर कोरडी पडून कळ्या तडकतात. हळदीच्या पानाऐवजी तिथलंच केळीचं पान. वाफ १० ते १२ मिनिटं.

गावाबद्दल: मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या (करारावर नेलेल्या मजुरांच्या) नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्यांत नाव, बापाचं नाव, वय, जहाज, जिल्हा, गाव असं लिहिलेलं असतं. अर्ज घरच्यांनी करायचा, तुम्ही नाही. नोंद हातात आली की ती वाचायला मात्र तुमचा उपयोग आहे. कारकुनांनी कानाला आलं तसं लिहिलंय, रत्नागिरीचं 'रुटनाघेरी' झालेलं असतं. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता, तो १९८१ मध्ये वेगळा झाला, म्हणून मालवण-वेंगुर्ल्याकडची गावंही शोधा. 'मुंबई' असं लिहिलं असेल तर ते बहुतेक वेळा बंदराचं नाव असतं. नोंदीत जातही असते. ती वर्गात वाचून दाखवू नका आणि मुलांना विचारूही नका. नकाशावर गाव सापडलं नाही तर अंदाजाने एखादं सांगू नका. गावाचं नाव नोंदीत जसं आहे तसं लिहून घ्या आणि परत आल्यावर तलाठी कार्यालयात वाडी-महसुली गावांच्या नावांशी ताडून पाहा.