टायरची तारीख बघितली का?
पोर्शची बॉक्सस्टर ही स्पोर्ट्स कार घेतल्याबद्दल मनापासून अभिनंदन! रविवारी थेट यवतेश्वर घाटातून कासला न्यायची म्हणताय, पण त्याआधी टायरच्या बाजूवरचे तारखेचे चार आकडे वाचा. २३१८ असेल तर टायर २०१८ च्या २३व्या आठवड्यातला. कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही कडक झालेले असू शकतात, आणि ओल्या घाटात असं रबर पकड देत नाही.

इंजिन ऑइल बदला असं तुम्हाला इतरांनी सांगितलंय, ते बरोबरच. ब्रेक ऑइलही त्याच दिवशी बदला. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. मग घाट उतरताना ब्रेक तापून ते उकळलं की ब्रेकचं पेडल मऊ पडतं. उतारावर खालचा गिअर ठेवाच.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या गाडीचं इंजिन तुमच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे आहे. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडलात तर भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात नि गाडी मागून फिरू शकते. वेग वळणाआधीच उतरवा. आणि रविवार नको, कासला गर्दी असते; कामाच्या दिवशी सकाळी लवकर निघा.