परत आलेलं जुनं युनिट लगेच खोलायचं की ऑर्डर आल्यावर?

भोसरीकर
आमचं काम ट्रक-बसचे स्टार्टर आणि डिझेल पंप रिबिल्ड करायचं. गिऱ्हाईक डिपॉझिट ठेवून रिबिल्ट (जुनं खोलून, दुरुस्त करून पुन्हा जोडलेलं) युनिट नेतं, स्वतःचं जुनं आणून दिलं की ते डिपॉझिट सुटतं. माझं ठाम मत आहे की आलेलं जुनं युनिट त्याच आठवड्यात खोलून, धुऊन, तपासून रॅकला लावावं. मागच्या पावसाळ्यात रजिस्टरला ४० स्टार्टर होते. ऑर्डर आल्यावर खोलले, तर ११ स्टार्टरचं आर्मेचर (आतला तारा गुंडाळलेला फिरणारा भाग) जळालेलं. काहींचा कम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याचा भाग) इतका झिजला होता की लेथवर घ्यायला तांबंच शिल्लक नव्हतं. आर्मेचर मिळेपर्यंत गिऱ्हाइकाची बस उभी. याला स्टॉक कसं म्हणायचं?

चिपळूणचा स्टोअरवाला
अजिबात पटत नाही. पंपाचे प्लंजर-बॅरल (डिझेल दाबणारा दांडा आणि त्याची नळी) जोडीनेच घासून बसवलेले असतात, मधली फट जेमतेम दोन-चार मायक्रॉन. आमच्याकडे नव्या पोराने सहा सिलिंडरच्या पंपाचे सगळे प्लंजर एकाच ट्रेमध्ये ओतले. कुठला कुणाचा, कळायला मार्ग नाही. सहाही जोड्या गेल्या. शिवाय आमच्या दमट हवेत धुतलेला भाग तेलाविना ठेवला की लगेच गंज धरतो. बंद युनिट आपल्या तेलात सुखरूप असतं.

आणि मजुरी कशासाठी घालायची? एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) आल्या, त्यांना हे जुने पंप लागत नाहीत. जुन्या गाड्या भंगारात निघतात तसे पंप परत येतात, पण मागणी मात्र आटत चालली आहे. मग जो विकला जाईल तेवढाच खोलावा.

हिशेब बघणारी
मूळ दुखणं डिपॉझिटचं आहे. जळकं आणि धडधाकट, दोन्हीला सारखेच पैसे दिलेत तर चांगलं युनिट जुन्या बाजारात जातं आणि जळकं तुमच्या काउंटरवर येतं. कॅटरपिलर ही मोठ्या मशिनांची कंपनी १९७३ पासून रिमॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे जुने भाग पुन्हा नव्यासारखे करायचं काम करते, तीसुद्धा जुना भाग तपासूनच डिपॉझिट देते. बॉडीला तडा आहे का, शाफ्ट हाताने फिरतो का, एवढं गिऱ्हाइकासमोरच बघा.

भोसरीकर
पंपाचं मान्य, तो बंदच ठेवू. स्टार्टरचं नाही. शाफ्ट मोकळा फिरतो आणि आत तारांचं वाइंडिंग कोळसा झालेलं असतं. दोन लांब बोल्ट काढले की जळका वास नाकात शिरतो; त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत.

चिपळूणचा स्टोअरवाला
दहा मिनिटांचं काम असेल तर करा. पण रजिस्टरला तपासलेले आणि न तपासलेले असे दोन रकाने ठेवा, आणि ऑर्डर घेताना पहिल्याच रकान्यावर शब्द द्या.