मदत हवी आहे: नाट्यगृहातल्या शोसाठी गॅस लेझर घ्यावा की डायोडवाला?

नमस्कार मंडळी. कोथरूडला एका नृत्यनाट्याची प्रकाशयोजना करतोय. आमच्या ओळखीच्या एका जुन्या लाइटवाल्या काकांकडे आर्गॉन वायूवर चालणारा गॅस लेझर आहे, भाड्याने द्यायला तयार आहेत. परवा त्यांच्या गोडाऊनमध्ये लावून पाहिला. धुरातून निघालेला निळसर-हिरवा किरण पार समोरच्या भिंतीपर्यंत तानपुऱ्याच्या तारेसारखा बारीक राहिला. अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

पण त्याला थ्री-फेज लागते, वर थंड ठेवायला सतत वाहतं पाणी. विंगेत पाइप कुठून फिरवू? ४८८ (निळा) आणि ५१४ (हिरवा) नॅनोमीटर तरंगलांबीचे रंग छान मिळतात, पण लाल नाही, त्यासाठी क्रिप्टॉन वायूचा लेझर हवा. आणि ऐन प्रयोगात लेझरची गॅस भरलेली ट्यूब गेली तर?

आरजीबी (लाल-हिरवा-निळा) डायोडवाला, म्हणजे छोट्या सेमीकंडक्टर चिपमधून किरण काढणारा लेझर, साध्या प्लगवर चालतो, एकट्याला उचलता येतो. माझा कल तिकडेच आहे. फक्त त्याचा लाल किरण लांब गेल्यावर पट्टीसारखा पसरतो, ते फार खटकतं.

२० मीटरवर लाल बारीक ठेवायला कुणी वेगळी लेन्स लावली आहे का? किरण प्रेक्षकांच्या डोक्यावरूनच जाणार, डोळ्यांशी खेळ नको. मग प्रोजेक्टर किती उंचीवर बांधता? तालीम रविवारी आहे, कृपया लवकर सांगा.