अनुभव धागा: डोहाळजेवण, गणपती, लग्नघर आणि गरोदर बाईला संसर्गापासून जपणं

धाग्याचं निमंत्रण

सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण, पाठोपाठ गौरी-गणपती, मग लग्नाचे मुहूर्त. हॉल भरलेला, मुलांची पळापळ, आणि प्रत्येकीला गरोदर मुलीच्या अगदी जवळ जायचं असतं. "घरीच बस" हे उत्तर इथे नको. कार्य व्हावं आणि ताप, पुरळ, कावीळ मात्र घरी येऊ नये, यासाठी नेमकं काय करायचं ते ज्यांना कामातून माहीत आहे त्यांनी आपापल्या भागापुरतं लिहावं.

स्त्रीरोगतज्ज्ञ

कार्य ठरलं की आधी आईला विचारा: हिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? झाल्या असतील तर बहुधा काळजी नाही. आठवत नसेल तर व्हॅरिसेला आयजीजी (कांजिण्यांविरुद्ध प्रतिकारशक्ती आहे का हे दाखवणारी) ही रक्ततपासणी करून अहवाल फाइलला लावा. उष्ण प्रदेशात पुष्कळांना कांजिण्या लहानपणी होतच नाहीत, त्यामुळे "सगळ्यांना होऊन गेलेल्या असतात" असं धरून चालू नये. कांजिण्या आणि रुबेला (जर्मन गोवर) या दोन्हींच्या लशींत जिवंत विषाणू असतो, म्हणून त्या गरोदरपणात देत नाहीत.

कांजिण्यांची खरी अडचण अशी की पुरळ दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून मूल संसर्ग देत असतं. कार्यात ते अगदी ठणठणीत बागडतं आणि फोन येतो नंतर. असा फोन आला की संपर्काची तारीख, एका खोलीत किती वेळ गेला (पंधरा मिनिटंही पुरतात) आणि समोरासमोर बोलणं झालं का, हे लिहून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. प्रतिकारशक्ती नसेल तर व्हॅरिसेला इम्युनोग्लोब्युलिन (कांजिण्यांविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देता येतं. ते संपर्कापासून १० दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. हे औषध अनेकदा मागवावं लागतं, त्यामुळे "पुरळ येतो का बघू" म्हणत बसण्यात हेच दिवस वाया जातात. लक्षणांवर १० ते २१ दिवस लक्ष ठेवायचं, इम्युनोग्लोब्युलिन घेतलं असेल तर २८. या काळात दवाखान्यात जाण्याआधी फोन करा, बाहेर बसलेल्या इतर गरोदर बायकांसाठी. पुरळ उठलाच तर २४ तासांच्या आत दाखवा, कारण विषाणूविरोधी गोळ्यांचा उपयोग सुरुवातीलाच होतो. धाप लागली तर थेट रुग्णालय.

बाळंतपणाच्या ५ दिवस आधीपासून २ दिवस नंतरपर्यंत आईला पुरळ उठला तर नवजात बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून डोहाळजेवण सातव्यातच करावं, नवव्यापर्यंत लांबवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रुबेलाचा पोटातल्या बाळाला धोका उलट पहिल्या १२ आठवड्यांत सर्वांत जास्त. आपल्याकडे गोड बातमी तीन महिने सांगत नाहीत, त्यामुळे नेमक्या त्या काळात तिला जपायचं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. घरातल्या एका तरी वडीलधाऱ्या बाईला आधी सांगा.

आरोग्यसेविका

"आजारी असाल तर येऊ नका" हा निरोप फुकट जातो. सर्दीला आपल्याकडे कुणी आजार म्हणत नाही. लक्षणांची नावं घेऊन विचारा, चार दिवस आधी एकदा आणि कार्याच्या सकाळी पुन्हा: घरात कुणाला ताप, खोकला, अंगावर पुरळ, गालफुगी, जुलाब आहेत का? मुलांच्या शाळेत कांजिण्यांची साथ आहे का?

हा फोन सुनेने करू नये, सासूबाईंनी किंवा मोठ्या जाऊबाईंनी करावा. "आत्या, तुम्ही याच, पण धाकट्याच्या अंगावर पुरळ आहे तर त्याला आजोबांजवळ ठेवा, त्याचं ताट मी घरी पाठवते." असं म्हटलं की कुणी दुखावत नाही. ताटाचा उल्लेख विसरू नका, रुसवा तिथेच मिटतो.

फ्लूची लस (मृत विषाणूची, टोचून देतात ती) कोणत्याही महिन्यात चालते, पण संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. आणि सरकारी केंद्रात मिळणाऱ्या टीडी (धनुर्वात-घटसर्प) लशीत डांग्या खोकल्याचा भाग नसतो. त्यासाठी टीडॅप (या तिन्हींची एकत्र लस) लागते, साधारण २७ ते ३६ आठवड्यांत.

केटरिंग करणारी

आमच्या हातात सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पाणी. हिपॅटायटिस ई ही दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ शेवटच्या तिमाहीत जिवावर बेतू शकते. हॉलच्या टाकीचं पाणी पिण्यालाही नको आणि मठ्ठा, पन्हं, चटणी यांतही नको. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या आणि झाकूनच गार करा. तांब्या बुडवायचं पिंप नको, तोटीचं हवं. चूक बहुतेक वेळा बर्फात होते: पाणी बाटलीचं आणतात, त्यात बाजारातली लादी फोडून टाकतात.

तिचं ताट पहिल्या पंगतीत, वाफाळतं वाढा. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त राहिलं तर तिला देऊ नका, कडक उन्हाळ्यात एकच तास. कोशिंबीर आणि कापलेली फळं घरी धुऊन आयत्या वेळी केलेली असतील तरच.

समारंभाची मांडणी बघणारी

तिची खुर्ची उघड्या खिडकीजवळ, एसीच्या झोतात नको. ओटी एकेकीने, बाजूने वाकून भरावी. घास भरवायचा हौसेचा कार्यक्रम असतोच, त्यासाठी प्रत्येकीला वेगळा चमचा. नाहीतर एकच चमचा सगळ्यांच्या हातून फिरतो. दारात साबण आणि वाहतं पाणी ठेवा. जुलाबाच्या विषाणूंवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. गर्दी टळणारच नसेल तर एन-९५ मास्क, नाकावर नीट बसलेला.

पाळणाघर चालवणारी

सायटोमेगालो विषाणू दोन-तीन वर्षांच्या धडधाकट दिसणाऱ्या मुलांच्या लाळेत आणि लघवीत महिनोन्‌महिने असू शकतो आणि पोटातल्या बाळाच्या श्रवणशक्तीला इजा करू शकतो. मुलांना कडेवर घ्या, खेळवा. मुका मात्र कपाळावर किंवा केसांवर, ओठांवर नाही. मुलाचा उष्टा घास खाऊ नये. लंगोट बदलला, शेंबूड पुसला की वीस सेकंद साबणाने हात धुवायचे.

प्रश्न: मोठ्या काकूंना नागीण झाली आहे. डोहाळजेवणाला येऊ द्यायचं का?

स्त्रीरोगतज्ज्ञ

नागीण हा कांजिण्यांचाच विषाणू. फोड कमरेवर किंवा पाठीवर असतील आणि कपड्याखाली पूर्ण झाकलेले असतील तर धोका कमी. मुलीला कांजिण्या झालेल्या असतील तर काकूंनी यावं, हात धुऊन ओटीही भरावी. झालेल्या नसतील, किंवा फोड चेहऱ्यावर, उघड्या हातावर, नाहीतर अंगभर असतील, तर सगळ्यांवर खपली धरेपर्यंत काकूंनी व्हिडिओ कॉलवरूनच आशीर्वाद द्यावा.